शेवटच्या कडव्यातले बटाटे

"इतकी घाई कशाला, घरी कुणी वाट पाहतंय का?" असं तुम्ही मला, तुमच्याकडे टायपिंगच्या कामाला आले त्या पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मी तुमचंच एक जुनं गाणं तुम्हाला वाचून दाखवत होते आणि ओळ संपली की न थांबता पुढच्या ओळीवर उडी मारत होते. तुम्हाला फक्त माझ्या वाचनाबद्दल बोलायचं होतं. पण मला पुण्याहून इथे, डच मुलखात येऊन जेमतेम काही महिने झाले होते. नवरा सकाळी डेल्फ्टला जायचा तो दिवेलागणीला परत यायचा, आणि मधल्या वेळात घरी खरोखरच कुणी वाट पाहत नव्हतं. मी "नाही" म्हणाले आणि रडायला लागले. तुम्ही गोंधळलात. स्वयंपाकघराकडे तोंड करून बायकोला हाक मारलीत, "अगं, मी हिला रडवलं. चहा टाक." आतून उत्तर आलं, "तू रडवलंस, तूच टाक." मग तुम्ही उठलात, आणि तुमच्या त्या थरथरणाऱ्या हातांनी, अर्धं पाणी ओट्यावर सांडत, चहा केलात. फार वाईट झाला होता. मी सगळा प्यायले.

मी तुम्हाला "सर" म्हटलं तर तुम्हाला चालायचं नाही. "राणी ज्याच्या खांद्यावर तलवार टेकवते तो सर. माझ्या खांद्यावर आजवर फक्त कोंडा पडलाय." नावानं हाक मारायला माझी जीभ वळेना. म्हणून मी तुम्हाला कशानेच हाक मारायचे नाही. मनातल्या मनात मात्र तुम्ही काका होतात आणि त्या काकू. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही त्या शब्दातली अक्षरं तोंडात घोळवून पाहिली असतीत आणि म्हणाला असतात, "चांगला आहे, लांब सुरावर बसेल."

तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं होऊन गेली. आज लिहायला बसले कारण काकूंनी मला एक काम सांगितलंय. त्या आता लायडस्खेनडामच्या वृद्धाश्रमात आहेत, नव्वदीला टेकल्यात, आणि डॉक्टरांनी त्यांना सरळ सांगितलंय की पुढचा उन्हाळा धरून चालू नका. त्यांनी ते हवामानाचा अंदाज ऐकावा तसं ऐकलं. इथली माणसं स्वतःच्या मरणाचीही व्यवस्था नीट लावून ठेवतात, हे तुम्हाला सांगायला नको. अंत्यसंस्कारानंतर लोकांना कॉफीबरोबर कोणता केक द्यायचा ते त्यांनी ठरवलंय, लिलीची फुलं नकोत असं बजावलंय, आणि स्वतःची शोकपत्रिकाही स्वतःच तयार करत आहेत. करड्या काठाचं कार्ड, वर नाव, खाली कवितेच्या चार ओळी. त्या चार ओळी त्यांना तुमच्या हव्यात. तुमच्या शेवटच्या नाटकातल्या शेवटच्या गाण्याचं शेवटचं कडवं. "पण बटाटे नकोत," त्या मला म्हणाल्या. "खरे शब्द दे."

बटाट्यांची गोष्ट तुम्हाला पूर्ण माहीत नाही, कारण तिचा शेवट झाला तेव्हा तुम्ही शवपेटीत होतात.

तुमची गाणी लिहायची पद्धत मला कळायला वेळ लागला नाही. चाल आधी, शब्द नंतर. चाल हातातून निसटू नये म्हणून तुम्ही आधी तिच्यात वाट्टेल ते शब्द भरायचात, आणि ते वाट्टेल ते शब्द नेहमी घरातलेच असायचे. काकूंनी बाजारातून काय आणायला सांगितलंय, काय संपलंय, काय मोडलंय. तुम्ही त्याला डमी म्हणायचात. मी ते डमी शब्दसुद्धा तुमच्या सांगण्याप्रमाणे व्यवस्थित टाइप करायचे, मग एकेक ओळ उपटून तिच्या जागी खरी ओळ लावायची, असं आपलं काम. मी तुम्हाला सांगितलं की आमच्याकडच्या संगीत नाटकांतही कवीला आधी चाल ऐकवायचे आणि तिच्यावर पद लिहून घ्यायचे, माझे वडील सांगलीत हौशी नाटकांना पेटीची साथ करायचे, त्यांच्याकडून मी हे ऐकलंय. तुम्ही खुर्चीत ताठ बसलात. "म्हणजे तुमच्याकडेही असा मार खाल्लेले लोक आहेत?" म्हणालात, आणि मला तसं एक पद गायला लावलंत. मला गाता येत नाही. तरी गायले. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत आणि म्हणालात, "तिसऱ्या ओळीत त्यानं गायिकेला श्वास घ्यायला जागा ठेवली आहे. सज्जन माणूस."

तुमचं आयुष्य मी तुकड्यातुकड्यानं ऐकलं, बहुतेक वेळा मधला एखादा शब्द अडल्यावर. उत्तर इंग्लंडमधलं गिरण्यांचं गाव, चर्चच्या गायकवृंदातला मुलगा, मग लंडन, छोट्या रंगमंचांवरची विनोदी गाणी, दोन नाटकं जी चालली आणि बरीचशी जी चालली नाहीत. मग लोकांची आवड बदलली. ज्या गाण्यात यमक जुळतं ते म्हातारं, असं ठरलं. तोवर एका नाटकाच्या दौऱ्यावर कपडेपट सांभाळणाऱ्या एका डच मुलीनं तुमच्या कोटाचं बटण शिवताना तुम्हाला सुई टोचली होती, आणि तुम्ही तिच्या मागोमाग फोरबर्गला आलात. काकू इथे शाळेत शिकवायच्या. तुम्ही इथल्या हौशी इंग्रजी मंडळींसाठी नाटकं लिहायचात, जी दोन प्रयोगांनंतर कपाटात जायची. "माझी कारकीर्द कालव्याकाठी संपली," तुम्ही म्हणायचात. काकू म्हणायच्या, "संपली नाही, निवृत्त झाली. आणि कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायचा आज."

एक दुपार मला अजून दिसते. आपण दोघं सुपरमार्केटमध्ये आहोत, तुमचा हात माझ्या कोपरावर. चीजच्या फडताळापाशी वरच्या स्पीकरवर एक जुनं इंग्रजी गाणं लागतं, जे इथल्या पोराटोरांनासुद्धा येतं. तुम्ही थांबता. तुमचे ओठ हलायला लागतात. मी विचारते, "हे आवडतं तुम्हाला?" तुम्ही म्हणता, "हे माझं आहे." मी तुमच्याकडे बघत राहते. तुम्ही लगेच बोट वर करून दुरुस्ती करता, "दुसरं कडवं. फक्त दुसरं." मग कळलं की लंडनमधल्या एका नाटकाच्या तालमीत ते कडवं रंगत नव्हतं, तुम्ही तेव्हा तिथे हरकाम्या होतात, तुम्ही ते रातोरात बदलून दिलंत, आणि कार्यक्रमपत्रिका आधीच छापून झाली होती. पुढे ते गाणं जगभर गेलं, दुसऱ्या माणसाच्या नावानं. लोकांना जे तोंडपाठ असतं ते नेमकं दुसरंच कडवं. मी चिडले. तुम्ही शांत होतात. "पहिलं त्याचंच आहे," म्हणालात, "आणि पहिलंही वाईट नाही." फडताळापाशी उभी असलेली बाई आपल्या दोघांना वळसा घालून पुढे गेली आणि तुम्ही पूर्ण गाणं संपेपर्यंत तिथेच उभे राहिलात.

त्यामुळेच असेल, तुम्ही मला एकदाच रागावलात ते एका शब्दावरून. एका ओळीत तुम्ही अडला होतात, मी टाइप करताना न विचारता माझा एक शब्द घातला. ओळ सरळ झाली. तुम्ही वाचलंत, पुन्हा वाचलंत, आणि विचारलंत, "हा कुणाचा?" मी म्हटलं, "सुचला." तुम्ही म्हणालात, "माझ्या घरात येऊन न विचारता खुर्च्या हलवू नकोस." मी रडवेली झाले. शब्द काढायला लागले. "काढू नकोस," तुम्ही म्हणालात, "चांगला आहे. पण माझा नाही." आणि त्या नाटकाच्या पत्रिकेत तळाशी तुम्ही छापायला लावलंत की दुसऱ्या अंकातल्या गाण्यातला एक शब्द अमुक अमुक बाईंचा आहे. ती पत्रिका घरी नेली तर नवरा हसता हसता सोफ्यावर आडवा झाला. "एका शब्दाचं क्रेडिट? अगं, आमच्या ऑफिसात माणसं अख्खा प्रोजेक्ट ढापतात." मग त्यानं ती पत्रिका फ्रीजवर लावली. या देशात माझं नाव पहिल्यांदा कुठे छापलं गेलं असेल तर ते तिथे. त्याआधी मी सगळीकडे कुणाची तरी बायको म्हणून नोंदली गेले होते.

आणि मग ते शेवटचं नाटक. एक म्हातारं जोडपं घर सोडून जायला निघालंय, सामान बांधून झालंय, ती रिकाम्या स्वयंपाकघरात बसलीये आणि तो दारात शेवटचं खोकं धरून उभा आहे. तिथे त्याला गाणं आहे. आयुष्यभर जे तिला बोलला नाही ते त्यानं शेवटच्या कडव्यात बोलायचं. चाल तुमच्या लंडनच्या जुन्या मित्रानं कॅसेटवर पाठवली होती, तुम्ही तिच्यात नेहमीप्रमाणे डमी भरलेत, आणि बाकी सगळी कडवी एकेक करून खरी झाली. शेवटचं राहिलं. दोन किलो बटाटे, कांदे विसरू नको, साबण संपला, छत्री दारामागे, सायकलचा दिवा गेला. महिनेच्या महिने ते तसंच. मी विचारलं की तुम्ही म्हणायचात, "तो अजून दारात उभा आहे. त्याला ओझं आहे. थांब."

मग एका मंगळवारी तुमचा फोन आला. "सापडलं," तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, सांगा. "फोनवर नाही. कागदावर. गुरुवारी ये." तुमच्या आवाजात मी कधी न ऐकलेलं काहीतरी होतं, पोरगेलंसं. बुधवारी सकाळी काकूंना तुम्ही न्हाणीघरात पडलेले सापडलात.

पक्षाघातानं तुमची वाचा गेली. "पाणी" म्हणता येईना, काकूंचं नाव घेता येईना. वाचा शिकवायला यायच्या त्या बाईंनी समजावलं की बोलणं मेंदूत एकीकडे राहतं आणि गाणं बरंचसं दुसरीकडे, म्हणून जुनी पाठ गाणी येतील. आणि खरंच आली. पाणी मागता न येणारे तुम्ही कॅसेट लावली की पूर्ण गाणं म्हणायचात, स्वच्छ, एकेक शब्द सुटा. शेवटच्या कडव्यापर्यंत. तिथे आलात की तुमचा चेहरा बदलायचा. तुम्ही माझं मनगट धरायचात. आत कुठेतरी ते मंगळवारी सापडलेलं आहे, हे मला दिसायचं, तुम्ही ते ओढून वर आणताय हेही दिसायचं, आणि तोंड उघडलं की बाहेर यायचे बटाटे. तुम्ही खुर्चीच्या हातावर मूठ आपटायचात. खुणेनं सांगायचात, पुन्हा. मी कॅसेट मागे घ्यायचे. पुन्हा बटाटे. एकदा असं किती वेळ चाललं कोण जाणे. मी म्हणत होते, उद्या करू, उद्या करू, आणि तुमच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. काकू हात पुसत आतून आल्या, तुमच्या शेजारी बसल्या आणि तुमच्याबरोबर गायला लागल्या. दोन किलो बटाटे, कांदे विसरू नको. तुम्ही त्यांच्याकडे बघत गात राहिलात आणि मूठ सैल झाली. मी बाहेर जाऊन सायकलपाशी उभी राहिले. मला घरी जाता येईना आणि आतही जाता येईना.

तुम्ही गेलात त्या आठवड्यात काकू कुणाशी काय बोलत होत्या त्यांनाच आठवत नाही. नाटकमंडळींतल्या एका भारदस्त गायकानं विचारलं, त्यांचं शेवटचं गाणं गाऊ का, आणि काकूंनी पियानोवरचे कागद न बघता दिले. ते मी टाइप केलेले होते, नीटनेटके. मी दहनगृहाच्या हॉलमध्ये पोचले तेव्हा तो दुसरं कडवं गात होता. मला काय येणार आहे ते कळलं आणि करण्यासारखं काही नव्हतं. त्यानं शेवटचं कडवं डोळे मिटून, छातीवर हात ठेवून गायलं. सायकलचा दिवा गेला, यावर तो जवळजवळ कुजबुजला. माझ्या पुढच्या रांगेतली बाई हुंदके देत होती. बाहेर कॉफी घेताना ती कुणाला तरी म्हणाली, "किती साधं. असं लिहायला धाडस लागतं." तुम्ही असतात तर हसून हसून टेबलाखाली गेला असतात. मी काकूंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा दगडासारखा होता. खूप दिवसांनी त्या मला एवढंच म्हणाल्या, "इतकी वर्षं मी याच्यासाठी बटाटे आणले. जाताना त्यानं ते मला परत दिले."

पंधरा वर्षं त्यांनी पुढे काही विचारलं नाही. आता विचारलं. "मंगळवारी तो तुला फोनवर 'सापडलं' म्हणाला, मी जिन्यातून खाली जाताना तेवढं ऐकलंय. पुढे त्यानं तुला शब्द सांगितले असणार. मी मागितले नाहीत, कारण ते नाटकातल्या बाईसाठी होते, माझ्यासाठी नव्हते. आता मागते. कार्डावर घालायचेत." मला तेव्हा खरं सांगता आलं असतं, की ते शब्द मला कधी मिळालेच नाहीत. मी वळसा घ्यायला बघितलं. म्हटलं, काकू, कदाचित तेच खरे शब्द असतील, साबण, छत्री, रोजचं घर, कदाचित दारातल्या त्या म्हाताऱ्याला तेच म्हणायचं असेल. त्यांना मी आता खरोखर काकूच म्हणते, त्यांना तो त्यांच्या नावाचा एखादा भारतीय प्रकार वाटतो. त्या म्हणाल्या, "बटाटे म्हणजे बटाटे. तू लेखिका झालीस म्हणून ते सोलत बसू नकोस." आणि मग, खिडकीकडे बघत, "तो दारात उभा राहून काय म्हणणार होता, एवढंच मला हवंय. फार नाहीये ते."

फार नाहीये ते. मी घरी आले. कॅसेट आता कुठे वाजवणार, पण चाल पाठ आहे. मी तुमच्या पद्धतीनं आधी डमी भरले, माझ्या घरातले, मुलीचा डबा, जिमचे बूट, कढीपत्ता संपला. मुलगी चौदा वर्षांची आहे. मी गुणगुणत होते तर तिनं हेडफोन काढून विचारलं, "आई, व्हाय आर यू सिंगिंग अबाउट कढीपत्ता?" मी म्हटलं, काम करतेय. तिनं मान डोलावली, तिला हे उत्तर सवयीचं आहे. मग मी एकेक ओळ उपटली आणि दुसरी लावली, वरच्या सुरावर तोंड उघडं राहील असे शब्द शोधत. इंग्रजीत त्या चार ओळी आहेत, आणि मराठीत सांगायचं तर एवढंच की, लोक मला विचारायचे, तू कुठला, आणि उत्तर देण्याआधी मी दर वेळी तुझ्याकडे बघायचो. त्यातलं किती तुमचं आणि किती माझं, मला सांगता येणार नाही. तुम्हाला मंगळवारी जे सापडलं ते हे नव्हे, हे मात्र मला पक्कं माहीत आहे. ते तुमच्याबरोबर जळलं. ते कायमचं गेलंय ही गोष्ट मला इतक्या वर्षांनी, त्या चार ओळी पूर्ण झाल्यावर, पहिल्यांदा कळली.

त्या ओळी मी काकूंना म्हणून दाखवल्या. हलक्या आवाजात, चालीवर. त्यांनी डोळे मिटले होते. संपल्यावर त्यांनी डोळे उघडले. मग विचारलं, "हे त्याचं?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "आयुष्यभर त्याला इतकं साधं लिहिता आलं नाही. म्हातारपणी आलं." आणि माझा हात थोपटून म्हणाल्या, "बघ, शेवटी सांगितलंच त्यानं." तुम्हाला हे कबूल करते, दुसऱ्या कुणाला करणार नाही. त्या इतक्या सुखात होत्या, आणि तरी एका क्षणासाठी मला सांगावंसं वाटलं की काकू, त्या ओळी माझ्या आहेत.

छापायच्या आधीचं कार्ड त्यांनी माझ्याकडे तपासायला दिलंय, इंग्रजीत चूक राहायला नको म्हणून. ते टेबलावर आहे. चार ओळी, आणि खाली तुमचं नाव. मुलगी मघाशी डोकावून गेली, कुणाला लिहितेयस विचारलं, मी सांगितलं, तर म्हणाली, "बट ही कान्ट रीड मराठी." मी म्हटलं, माहीत आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्ही पहिल्या परिच्छेदातच मी काय मागणार ते ओळखलं असतंत आणि कागद खाली ठेवला असतात. उद्या मला ते कार्ड परत द्यायचंय. दुसऱ्याच्या एका शब्दाखालीसुद्धा स्वतःचं नाव सोसलं नाही तुम्ही, चार ओळींखाली तर नाहीच. तुमचं बोट वर झालेलं मला दिसतंय. तरी मागते. काका, काकूंच्या कार्डापुरत्या त्या चार ओळी तुम्ही तुमच्या म्हणवून घ्या.